फुकट आणि हलका ऑन-डिमांड व्हायरस स्कॅनर कसा निवडायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नातेवाईक आणि मित्रांचे कॉम्प्युटर साफ करून देताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं विंडोजबद्दल आहेत, कारण या स्कॅनरांची गरज सगळ्यात जास्त तिथेच पडते. मॅक, लिनक्स आणि फोनबद्दल पुढे एक वेगळा प्रश्न घेतला आहे.

ऑन-डिमांड स्कॅनर म्हणजे काय? नेहमीच्या अँटीव्हायरसपेक्षा तो वेगळा कसा?

नेहमीचा अँटीव्हायरस मशीन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत जागा असतो. तुम्ही फाईल उघडली, कॉपी केली, डाउनलोड केली की तो आधी ती तपासतो. याला रिअल-टाइम संरक्षण म्हणतात. ऑन-डिमांड स्कॅनर असा पहारा देत नाही. तुम्ही चालवलात की तो मेमरी, डिस्क आणि स्टार्टअपच्या जागा तपासतो, काय सापडलं ते दाखवतो आणि बंद केलात की त्याचं काम संपतं. म्हणजे व्हायरस आत येताना तो अडवत नाही, आत आलेला शोधून काढतो. ‘स्कॅनर होता, तरी व्हायरस आला कसा?’ ही तक्रार मी खूपदा ऐकली आहे, आणि ती या एका गोंधळातून येते. स्कॅनर हा अँटीव्हायरसला पर्याय नाही.

माझ्याकडे अँटीव्हायरस आहेच. मग हा कशाला?

दुसरं मत घ्यायला. कुठलंही इंजिन, म्हणजे अँटीव्हायरसमधला व्हायरस ओळखणारा भाग, शंभर टक्के पकडत नाही. जी फाईल तुमच्या अँटीव्हायरसने आत येताना सोडली, ती त्याच इंजिनाने पुन्हा तपासल्यावर सापडेलच असं नाही. वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या पद्धतीने बघणारं इंजिन लावलं तर सापडण्याची शक्यता वाढते.

मात्र नाव वेगळं म्हणजे इंजिन वेगळं, असं समजू नका. बिटडिफेंडरचं इंजिन इतर अनेक कंपन्या परवान्यावर वापरतात. एम्सिसॉफ्ट त्यांतलीच एक, ती स्वतःच्या इंजिनाच्या जोडीला ते लावते. अव्हास्ट आणि एव्हीजी २०१६ पासून एकाच घरातले आहेत, आणि २०२२ मध्ये अव्हास्ट व नॉर्टन एकत्र येऊन जेन डिजिटल ही कंपनी झाली. तुमच्याकडे बिटडिफेंडर असेल तर एम्सिसॉफ्टच्या स्कॅनमधून मिळणारं मत बरंचसं पहिल्यासारखंच असेल. तसंच विंडोजसोबतच येणारा डिफेंडर हा अँटीव्हायरस आणि मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर या दोघांचं इंजिन एकच आहे. म्हणून निवडताना माझा पहिला प्रश्न असतो: मशीनवर आत्ता काय आहे? त्याच्या उत्तरानंतरच मी नाव सुचवतो.

काही डाउनलोड न करता विंडोजमध्येच सोय आहे का?

आहे, आणि बहुतेकांना ती माहीत नसते. तुम्ही दुसऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडरचा रिअल-टाइम पहारा आपोआप थांबतो. पण विंडोज १० च्या २०१६ मधल्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून ‘लिमिटेड पिरिऑडिक स्कॅनिंग’ नावाचा पर्याय आला आहे. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा, डिफेंडरच्या पर्यायांखाली तो दिसेल. चालू केलात की डिफेंडर अधूनमधून स्कॅन करतो आणि मुख्य अँटीव्हायरसशी भांडत नाही. ज्यांच्याकडे दुसरा अँटीव्हायरस आहे, त्यांच्यासाठी याहून हलकं दुसरं मत नाही, कारण ते मशीनमध्ये आधीच बसलेलं आहे.

दुसरी सोय म्हणजे मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन. तिच्याबद्दल पुढे, स्कॅनर उघडू न देणाऱ्या व्हायरसच्या प्रश्नात लिहिलं आहे.

‘हलका’ कशाला म्हणायचं? डाउनलोड लहान असलं म्हणजे हलका का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ‘लाइटवेट’ हा शब्द प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने वापरते.

डाउनलोडचा आकार हे सगळ्यात फसवं माप आहे. काही स्कॅनर जेमतेम दहा एमबीचे असतात, पण चालवल्यावर सगळ्या सिग्नेचर्स, म्हणजे ओळखीच्या व्हायरसच्या खुणा, नेटवरून खाली ओढतात. ईसेटचा ऑनलाइन स्कॅनर असा आहे. काहींच्या पोटात सिग्नेचर्स आधीच भरलेल्या असतात, म्हणून डाउनलोड शंभर एमबीच्या वर जातं. मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर आणि डॉक्टर वेबचा क्युअरइट या जातीचे. तिसरा प्रकार क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या नेटवरच्या सर्व्हरवर, विसंबणारा, उदाहरणार्थ हिटमॅनप्रो. तो लहान आणि चपळ असतो, पण नेट बंद असेल तर त्याचं निम्मं बळ जातं. नेट मंद असलेल्या मशीनवर दुसऱ्या प्रकारची फाईल एकदाच चांगल्या कनेक्शनवर उतरवून पेनड्राइव्हने नेणं सोपं पडतं.

दुसरं माप, चालू असताना किती ओझं पडतं. रॅम कमी आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर कुठलाही फुल स्कॅन जड वाटणारच. तिथे अडचण प्रोसेसरपेक्षा डिस्कची असते: लाखो छोट्या फाईल्स एकेक करून वाचायच्या असतात. त्याच मशीनला एसएसडी लावली की तोच स्कॅन कितीतरी लवकर उरकतो.

तिसरं माप, जे मी सगळ्यात वर ठेवतो: स्कॅनर गेल्यावर मागे काय राहतं? इन्स्टॉल करावा लागतो का? एखादी सर्व्हिस किंवा ड्रायव्हर मागे ठेवतो का? स्टार्टअपमध्ये शिरतो का? टास्कबारच्या कोपऱ्यात आयकॉन बसवून ‘अपग्रेड करा’ म्हणत राहतो का? खरा हलका स्कॅनर बोलावल्यावर येतो, काम करतो आणि जाताना काही सोडून जात नाही. अर्धा तास मशीन जड झालं तरी चालेल, पण पुढचं वर्षभर दर सुरुवातीला पाच सेकंद खाणारी सर्व्हिस नको.

मग नावं सांगा. कोणता घेऊ?

सरसकट सगळ्यांना एकच नाव सांगता येत नाही, पण कुठे कोणता शोभतो ते सांगतो.

ब्राउझरचं होमपेज आपोआप बदललं, सर्च भलतीकडेच जातं, नको ते टूलबार आले, अशी तक्रार असेल तर आधी ॲडडब्ल्यूक्लीनर. तो इन्स्टॉल करावा लागत नाही, आकार दहा एमबीच्या आसपास, आणि स्कॅन काही मिनिटांत होतो. २०१६ मध्ये तो मालवेअरबाइट्सने विकत घेतला. हे हत्यार ॲडवेअर आणि नको असलेल्या प्रोग्रामसाठी आहे. त्याच्याकडून अख्ख्या डिस्कच्या तपासणीची अपेक्षा ठेवू नका.

डिफेंडर वापरत असाल आणि पूर्ण तपासणी हवी असेल तर ईसेट ऑनलाइन स्कॅनर किंवा एम्सिसॉफ्ट इमर्जन्सी किट. ईसेट सुरुवातीलाच विचारतो की ‘पोटेन्शिअली अनवॉन्टेड’, म्हणजे नको असण्याची शक्यता असलेले, प्रोग्राम शोधायचे का. तिथे हो म्हणा. शेवटी बंद करताना ॲप्लिकेशनचा डेटा काढून टाकण्याची खूण करायची सोय आहे, ती वापरा, म्हणजे मागे काही उरत नाही. एम्सिसॉफ्टचं किट खासगी वापरासाठी फुकट आहे. ते सी ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये उलगडतं. तो फोल्डर जसाच्या तसा पेनड्राइव्हवर टाकून दुसऱ्या मशीनवर चालवता येतो आणि तिथे अपडेटही करता येतो. चार जणांची मशीन्स बघणाऱ्याने ते हाताशी ठेवावं. मी ठेवतो.

मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनरची खरी जागा वेगळी आहे. मुख्य अँटीव्हायरस दुसऱ्या कंपनीचा असेल, किंवा व्हायरसने डिफेंडरच लंगडा करून ठेवला असेल, तेव्हा तो कामाला येतो. एकच फाईल, इन्स्टॉल नाही. मात्र डाउनलोड केल्यापासून १० दिवसांनी ती फाईल चालत नाही, पुन्हा ताजी उतरवावी लागते. काही जणांना याचा राग येतो. मला हा नियम आवडतो, कारण जुन्या सिग्नेचर्सवर कुणी विसंबून राहत नाही.

कॅस्परस्कीचं व्हायरस रिमूव्हल टूल आणि डॉक्टर वेबचा क्युअरइट हे दोन्ही इन्स्टॉल न करता चालतात. दोन्ही स्वतःहून अपडेट होत नाहीत, दर वेळी नवीन फाईल घ्यायची. क्युअरइटची फाईल दर डाउनलोडला वेगळ्याच विचित्र नावाने येते. ते मुद्दाम केलेलं असतं, म्हणजे व्हायरसला ती नावावरून ओळखून अडवता येऊ नये. अमेरिकेच्या वाणिज्य विभागाने २०२४ मध्ये कॅस्परस्कीच्या विक्रीवर आणि अपडेटवर बंदी घातली, त्यामुळे तिथल्या वाचकांनी दुसरा पर्याय बघावा.

मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती शोधण्यात चांगली आहे, पण ती इन्स्टॉल करावी लागते आणि सुरुवातीला १४ दिवसांची प्रीमियम चाचणी चालू होऊ शकते. त्या काळात ती ऑन-डिमांड राहत नाही, पहारा देऊ लागते. नको असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन चाचणी बंद करा.

नॉर्टन पॉवर इरेझर मी नवख्या माणसाला देत नाही. तो मुद्दाम आक्रमक बनवला आहे आणि चांगल्या प्रोग्रामवरही संशय घेतो, हे कंपनी स्वतःच सांगते.

दोन-तीन स्कॅनर ठेवले तर चालतील का?

ऑन-डिमांड असतील तर चालतील, पण एका वेळी एकच चालवा. दोन रिअल-टाइम अँटीव्हायरस मात्र कधीही एकत्र नको. एकाने उघडलेली फाईल दुसरा तपासायला धावतो, मशीन हँग होतं, आणि एकाने क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या कोंडलेल्या जागेत, ठेवलेली फाईल दुसऱ्याला व्हायरस म्हणून सापडते.

डाउनलोड कुठून करायचं?

थेट त्या कंपनीच्या साईटवरून. सर्चमध्ये सगळ्यात वर येणारी लिंक बऱ्याचदा जाहिरात असते. ‘ॲडडब्ल्यूक्लीनर’ शोधणाऱ्या माणसाला भलताच प्रोग्राम गळ्यात मारणाऱ्या जाहिराती मी स्वतः पाहिल्या आहेत. डाउनलोड साईट्सवरून घेतलं की स्कॅनरच्या सोबत आणखी दोन-तीन प्रोग्राम येण्याची भीती असते, आणि व्हायरस काढायला गेलेला माणूस ॲडवेअर घेऊन परत येतो.

उतरवल्यावर एक तपासणी अवश्य करा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. फाईलवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, मग ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब. तिथे सही करणाऱ्याचं नाव त्या कंपनीचंच असलं पाहिजे, आणि ‘डिटेल्स’ दाबल्यावर सही वैध आहे असं लिहून आलं पाहिजे. टॅबच दिसत नसेल तर ती फाईल चालवू नका.

आणि एक. ब्राउझरमध्ये अचानक खिडकी उघडून ‘तुमच्या कॉम्प्युटरवर ५ व्हायरस सापडले’ असं दिसलं, लाल पट्टी सरकू लागली, भोंगा वाजू लागला, तरी घाबरू नका. एखादं वेबपेज नुसतं उघडल्याने तुमची डिस्क स्कॅन होऊ शकत नाही. ते चित्र आहे. तिथला नंबर फिरवू नका, काही डाउनलोड करू नका. टॅब बंद करा, होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा आणि पुन्हा उघडताना जुने टॅब परत आणू नका.

क्विक स्कॅन पुरेसा आहे की फुल स्कॅनच करायचा?

चालू असलेला व्हायरस शोधायचा असेल तर क्विक स्कॅन बहुतेक वेळा पुरतो. व्हायरसला मशीन रिस्टार्ट झाल्यावर पुन्हा जिवंत व्हायचं असतं, आणि त्यासाठीच्या जागा मोजक्या आहेत: रजिस्ट्रीतल्या रन कीज, शेड्यूल्ड टास्क, सर्व्हिसेस, स्टार्टअप फोल्डर, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स. क्विक स्कॅन याच जागा आणि मेमरी बघतो. कुठल्याशा झिप फाईलमध्ये निपचित पडलेली घातक फाईल त्याला दिसणार नाही. म्हणून पहिल्यांदा आणि संसर्ग सापडल्यानंतर एकदा फुल स्कॅन, एरवी क्विक.

स्कॅन चालू असताना ‘३ फाईल्स इन्फेक्टेड’ दिसत होतं, शेवटी मात्र ‘काही सापडलं नाही’. हे काय?

मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर वापरणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा धक्का बसतो. हिरवी पट्टी हळूहळू सरकत असते, खाली तपासलेल्या फाईल्सचा आकडा लाखाच्या पुढे जातो, आणि मध्येच इन्फेक्टेडसमोरच्या शून्याचा एक होतो, मग तीन. आपण श्वास रोखून बसतो. दोन तासांनी निकाल येतो: काहीच नाही.

चालू असताना दिसणारा तो आकडा म्हणजे प्राथमिक संशय असतो. एखाद्या फाईलचा थोडासा भाग ओळखीच्या नमुन्याशी जुळला की तो वाढतो. शेवटी स्कॅनर त्या संशयितांची पक्की पडताळणी करतो, आणि जे टिकत नाहीत ते गळून पडतात. खरा निकाल शेवटच्या पानावरचा. तरी मनाची खात्री करायची असेल तर विंडोज फोल्डरातल्या ‘डीबग’ या फोल्डरमध्ये ‘एमएसईआरटी’ नावाची लॉग फाईल असते. ती नोटपॅडमध्ये उघडून वाचा.

जे सापडलं ते सगळं डिलीट करू का?

नाही. आधी क्वारंटाइन. क्वारंटाइनमध्ये गेलेली फाईल चालू शकत नाही, पण चुकीची पकडली असेल तर परत आणता येते. डिलीट केलेली येत नाही.

चुकीची पकड ही कल्पनेतली गोष्ट नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक ३ मधली एसव्हीसीहोस्ट ही विंडोजचीच फाईल व्हायरस ठरवली, आणि जगभर असंख्य कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होत राहिले. एवढ्या मोठ्या कंपनीकडून होतं, तर कुणाकडूनही होऊ शकतं. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी स्कॅननंतर यादीतल्या सगळ्या खुणा तशाच ठेवून बटण दाबलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा बिलं करायचा प्रोग्राम उघडेना. त्याची परवाना तपासणारी फाईल स्कॅनरने उचलली होती. नशिबाने ती क्वारंटाइनमध्ये होती, दोन मिनिटांत परत आणली.

यादी वाचताना दोन गोष्टी बघा: फाईल कुठल्या फोल्डरात आहे आणि नाव काय दिलं आहे. नावात ‘ट्रोजन’, ‘बॅकडोअर’, ‘स्टीलर’ असेल तर गांभीर्याने घ्या. ‘पीयूपी’ किंवा ‘पीयूए’ म्हणजे नको असण्याची शक्यता असलेला प्रोग्राम; तो बहुधा एखाद्या इन्स्टॉलरसोबत आलेला असतो, बेलाशक काढा. ‘जनरिक’ किंवा ‘ह्युरिस्टिक’ असेल तर इंजिनाने अंदाज बांधलेला असतो, तिथे पडताळणी करा. ‘हॅकटूल’ किंवा ‘कीजेन’ असेल तर ती बहुधा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरची फाईल असते. लोक म्हणतात, क्रॅकला अँटीव्हायरस उगाच पकडतो. मी इतकंच सांगेन की पासवर्ड चोरणारे प्रोग्राम पसरवायला क्रॅक हे आवडतं वाहन आहे, आणि बाहेरून बघून त्यांतला निरुपद्रवी कुठला हे तुम्हालाही कळत नाही आणि मलाही.

पडताळणी करायची कशी? व्हायरसटोटल वापरू का?

वापरा. व्हायरसटोटल २००४ मध्ये सुरू झालं, २०१२ मध्ये गुगलने घेतलं. एक फाईल दिली की साठ-सत्तर इंजिनांचं मत एकाच पानावर मिळतं. एखाद-दुसऱ्या अनोळखी इंजिनाने लाल दाखवलं आणि बाकी सगळे गप्प असतील तर बहुधा चुकीची पकड. नावाजलेल्या दहा-बारांनी एकाच कुळाचं नाव घेतलं तर शंका उरत नाही. अगदी ताजी फाईल असेल तर मात्र शून्यावर विश्वास ठेवू नका, एका दिवसाने पुन्हा तपासा.

एक कळकळीची सूचना: तिथे चढवलेली फाईल सुरक्षा कंपन्या आणि संशोधकांपर्यंत पोचते. पगारपत्रक, करार, ओळखपत्राची प्रत असलं काही चढवू नका. अशा फाईलचा फक्त हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा, काढा आणि तो शोधा; ती आधी कुणी तपासली असेल तर निकाल दिसेल आणि तुमची फाईल तुमच्याकडेच राहील.

काहीच सापडलं नाही, तरी कोपऱ्यात घाणेरड्या जाहिराती येत राहतात. का?

दहापैकी बऱ्याच वेळा तो व्हायरस नसतोच. कुठल्याशा साईटने ‘पुढे जाण्यासाठी अलाउ दाबा’ म्हटलं, तुम्ही दाबलं, आणि त्या साईटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळाली. विंडोजच्या उजव्या कोपऱ्यात त्या सूचना अशा दिसतात की जणू मशीनच बोलतंय. कुठलाही स्कॅनर हे पकडणार नाही, कारण परवानगी तुम्ही दिलेली आहे. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये साईट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स उघडा, आणि परवानगी असलेल्या यादीतली अनोळखी नावं काढून टाका. त्याच बैठकीत एक्स्टेन्शन्सची यादीही बघा; ज्याचं काम आठवत नाही ते काढा.

मशीन नुसतं मंद असेल तर कारण रॅम, भरलेली डिस्क किंवा मरायला टेकलेली हार्ड डिस्क असू शकतं. मरायला टेकलेल्या डिस्कवर फुल स्कॅन मारू नका, आधी बॅकअप घ्या.

स्कॅनर उघडतच नाही. आयकॉन दाबला की लगेच बंद होतो.

हे व्हायरस जागा असल्याचं लक्षण असू शकतं. आधी फाईलचं नाव बदलून बघा. नाही जमलं तर विंडोज सिक्युरिटीच्या स्कॅन ऑप्शन्समधून डिफेंडर ऑफलाइन स्कॅन लावा. चालू काम सेव्ह करा, कारण मशीन लगेच रिस्टार्ट होतं. हा स्कॅन विंडोज नेहमीसारखं सुरू होण्याआधी चालतो आणि साधारण १५ मिनिटं घेतो. रूटकिटसारखे व्हायरस चालू विंडोजमध्ये स्वतःला लपवतात. विंडोजच झोपलेलं असताना त्यांना लपवणारं कुणी नसतं. हाच विचार रेस्क्यू डिस्कच्या मागे आहे: कॅस्परस्की आणि डॉक्टर वेब या दोघांच्याही अशा डिस्क आहेत, त्या पेनड्राइव्हवर लिहून त्यावरून मशीन सुरू करायचं. पेनड्राइव्ह दुसऱ्या, चांगल्या मशीनवर बनवा.

रॅन्समवेअर, म्हणजे फाईल्सना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, आला आहे. स्कॅनर फाईल्स परत देईल का?

नाही. तो व्हायरस काढेल, कुलूप लागलेल्या फाईल्स तशाच राहतील. ‘नो मोअर रॅन्सम’ हा प्रकल्प २०१६ मध्ये युरोपोल, डच पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी सुरू केला. तिथे नमुना फाईल देऊन किल्ली उपलब्ध आहे का ते बघता येतं. खंडणीची चिठ्ठी आणि कुलूपबंद फाईल्स डिलीट करू नका. आज नसलेली किल्ली पुढे कधीतरी मिळू शकते.

फुकट म्हणजे खरंच फुकट का?

बहुतेक स्कॅनर ही कंपनीच्या विकत मिळणाऱ्या मालाची ओळख असते, आणि त्यात काही वावगं नाही. तीन गोष्टी वाचून घ्या. एक, परवाना: क्युअरइट आणि एम्सिसॉफ्टचं किट घरगुती वापरासाठी फुकट आहेत, ऑफिसमध्ये नाहीत. दोन, काढण्याचे पैसे लागतात का: हिटमॅनप्रो शोधतो फुकट, पण काढण्यासाठी एकदाच ३० दिवसांची फुकट मुदत देतो. तीन, माहिती कुठे जाते. अव्हास्टच्या जंपशॉट या उपकंपनीने वापरणाऱ्यांचा ब्राउझिंगचा डेटा विकल्याचं २०२० च्या जानेवारीत उघड झालं, कंपनीने जंपशॉट बंद केली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. म्हणून सुरुवातीच्या पडद्यावर ‘माहिती पाठवायला परवानगी’ असेल तर वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मॅक, लिनक्स आणि फोनचं काय?

मॅकमध्ये एक्सप्रोटेक्ट ही ॲपलची व्हायरस पकडणारी सोय आतच आहे. दुसरं मत हवं तर मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती. लिनक्सवर क्लॅमएव्ही आहे, मुक्त आणि विश्वासाचा, पण हलका म्हणता येणार नाही. त्याचा क्लॅमस्कॅन दर वेळी अख्खा डेटाबेस मेमरीत चढवतो आणि एक जीबीहून जास्त रॅम खातो. दोन जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर तो लावून मशीन अडकलं की लोक व्हायरसला दोष देतात. अँड्रॉइडवर गुगलच्या प्ले प्रोटेक्टचा स्कॅन पुरे. तिथे कुठल्याही ॲपला दुसऱ्या ॲपचा खासगी डेटा बघता येत नाही, त्यामुळे बाहेरून आणलेल्या स्कॅनरचे हात बांधलेले असतात.

स्कॅनर खरंच काम करतो का, हे कसं बघू?

आयकार चाचणी फाईल वापरा. ती ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ आहे, आणि तिला व्हायरस म्हणायचं हे सगळ्या कंपन्यांनी मान्य केलेलं आहे. आधी तुमचा अँटीव्हायरसच तिला पकडेल, म्हणजे त्याचीही परीक्षा झाली. यातून फक्त इंजिन चालू आहे एवढंच कळतं, ते किती हुशार आहे हे कळत नाही.

व्हायरस निघाला. आता पासवर्ड बदलू का?

चोरी करणारा प्रकार असेल तर लगेच, आणि दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून. आधी ईमेल, मग बँक, मग बाकीचे. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही: हे प्रोग्राम ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे साईट्सनी तुमची ओळख लक्षात ठेवायला साठवलेल्या छोट्या नोंदी, नेतात, आणि चालू सेशनची कुकी हातात असली की पासवर्डशिवाय आत जाता येतं. म्हणून प्रत्येक खात्यात ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट’ दाबा.

पेनड्राइव्ह स्कॅन केला, व्हायरस गेला, पण माझे फोल्डरही गेले!

गेलेले नाहीत. या प्रकारात व्हायरस तुमचा प्रत्येक फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा, फोल्डरसारखाच दिसणारा शॉर्टकट ठेवतो. नीट पाहिलंत तर आयकॉनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात छोटा बाण असतो. तुम्ही डबल-क्लिक करता, आधी व्हायरसची स्क्रिप्ट चालते, मग खरा फोल्डर उघडतो, त्यामुळे संशयही येत नाही. स्कॅनरने शॉर्टकट आणि स्क्रिप्ट काढली, पण फोल्डर लपलेलेच राहिले. पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका. आधी त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये बघा: वापरलेली जागा पूर्वीइतकीच असेल तर सगळं आत आहे. मग फाईल एक्स्प्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘हिडन फाईल्स दाखवा’ निवडा आणि त्याखालची ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाईल्स लपवा’ ही खूण काढा. दुसरी पायरी लोक विसरतात आणि फोल्डर दिसतच नाहीत, कारण व्हायरसने त्यांना सिस्टिम फाईल असल्याचं लेबल लावलेलं असतं. फिकट रंगात फोल्डर दिसले की आतला मजकूर स्वच्छ मशीनवर नव्या फोल्डरात कॉपी करा आणि काढलेली खूण पुन्हा लावा. ज्या कॉम्प्युटरला तो पेनड्राइव्ह शेवटचा लावला होता, त्यावरही स्कॅन मारा. बहुधा तिथूनच तो आलेला असतो, आणि तिथे राहिला तर पुढच्या वेळी लावताक्षणी फोल्डर पुन्हा लपतील.